धुवांधारपर्यंत न बोलता

माझं मौन मदन महालापाशी मोडलं. घरून निघून पुरता पाऊण तासही झाला नव्हता. मार्गशीर्षातली थंडी होती, टेकडीवरचा जुना किल्ला धुक्यातून हळूहळू वर येत होता, टांगेवाला बशीरमियाँ घोड्याला चुचकारत मुकाट बसला होता, आणि मी त्याला मोठ्या तन्मयतेनं समजावून सांगत होतो की आज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, तसा नर्मदामाईला नवस केलेला आहे. नवस काय असतो, तो का करावा लागला, आपल्या धर्मात मौनाचं केवढं महत्त्व आहे, हे सगळं ओघात आलं. मौनाच्या महत्त्वावर मी बहुधा चांगला बोलत असेन, कारण बशीरमियाँनं लगाम जरा सैल सोडला, मान वळवली आणि फार अदबीनं विचारलं, "बाबूजी, मौन है तो फिर ये बोल कौन रहा है?"

मी जीभ चावली. पण आता चावून काय उपयोग, सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. नवस असा होता की घराचा उंबरा ओलांडला की मौन सुरू, आणि परत उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की संपलं. मध्येच मोडलं तर काय करायचं, ते मी माईशी ठरवलेलं नव्हतं. बराच विचार करून मी टांगा मागं फिरवायला सांगितला. उंबरा नव्यानं ओलांडायचा, मौन नव्यानं धरायचं. बशीरमियाँनं काही न विचारता घोडा वळवला. आणि व्रत मोडलंच आहे तर निदान मनात काही राहू नये, म्हणून घरापर्यंतच्या वाटेवर मी त्याला राहिलेली हकीकतही सांगून टाकली. तीच आता तुम्हाला सांगतो.

आमचं घराणं भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून जबलपुरास आलं ते पुराण सांगायच्या चाकरीवर. पणजोबा देवळात बसून पुराण सांगत, त्यांच्यामागं आजोबा सांगत. पुढं राज्य गेलं, इंग्रजांचा अंमल आला, आणि वडील व मी सरकारी कचेरीत कारकून झालो. पुराण गेलं, सांगणं मात्र रक्तात राहिलं. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढायच्या, तेव्हा घरी आल्यावर माणसानं स्वतःचं काही बोलू नये तर काय करावं? माझ्या बोलण्याला घरात कोणी कधी अडवलं नाही. बायको स्वयंपाक करता करता ऐकायची, भांडी जरा जोरात वाजवायची, पण ऐकायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला ताप लागला. एक दिवसाआड, दुपारी चारच्या ठोक्याला, कोणी बोलावल्यासारखा यायचा. इकडे त्याला तिजारी म्हणतात. आधी थंडी, मग अंगाची भट्टी, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी माणूस चिंधीसारखं पडून राहायचं. तापाच्या दिवशी मी कचेरीतून लवकर सुटून घरी यायचो आणि तिच्या उशाशी बसून गोष्टी सांगायचो. तिचा जीव रमावा, दुखणं विसरावं, हा हेतू. कचेरीतल्या गोष्टी, काशीयात्रेतल्या गोष्टी, पणजोबांच्या गोष्टी. ती डोळे मिटून कण्हायची. ते कण्हणं मी दाद समजत असे आणि आणखी एक गोष्ट काढत असे. माझी थोरली बहीण, ताई, ऐन तिशीत विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहते. ती मधून मधून दारात येऊन म्हणायची, "तिला थोडं पडू दे न रे." मी म्हणायचो, पडलेलीच तर आहे.

एका दुपारी थंडी अशी भरली की चार रजया घालूनही खाटेचे पाय फरशीवर वाजू लागले. त्या आवाजानं माझ्या गोष्टी आपोआप थांबल्या. मी अंगणात तुळशीपाशी येऊन उभा राहिलो आणि नर्मदामाईला हाक मारली. आमच्या गावची सगळी संकटं शेवटी तिच्याच काठी जातात. आधी मी एक साडी कबूल केली. मग पाच नारळ. पण माझं मलाच पटेना. साडी दुकानात मिळते, नारळ बाजारात मिळतो, त्यात माझं काय गेलं? देवाला द्यायचं तर जे देताना आपल्या जिवावर येईल ते द्यावं, असं पणजोबा पुराणात सांगत, म्हणे. माझ्या जिवावर येणाऱ्या गोष्टी दोनच. एक म्हणजे गप्प बसणं. दुसरी म्हणजे उंची. घराच्या गच्चीवरसुद्धा मी कठड्यापासून चार हात लांब उभा राहतो, आणि दिवाळीत आकाशकंदील टांगायला बायको स्टुलावर चढते, मी खालून सूचना देतो. तेव्हा मी म्हटलं, माई, हिचा ताप घे, मी घराच्या उंबऱ्यापासून अनवाणी, अवाक्षर न बोलता येईन, भेडाघाटच्या संगमरवरी कड्याच्या काठाकाठानं, तुला नजरेआड न करता, धुवांधारपर्यंत चालेन आणि तिथं तुझी ओटी भरीन.

आश्विनात ताप गेला. आणि इथं मला लाज वाटते ते सांगायला हवं. ताप गेला आणि मी नवस लांबवला. दसऱ्याला पाहुणे होते. दिवाळीत थोडंच कोणी घर सोडतं? मग कचेरीत तपासणी होती. मग थंडी पडली, अनवाणी चालायचं तर जरा ऊन होऊ द्यावं. अनवाणी घरापासून म्हणजे टांग्यात बसूनही अनवाणीच का, या प्रश्नावर मी आठ दिवस विचार केला आणि टांग्यात चपला चालतील असा निर्णय माझ्या बाजूनं दिला. तेवढ्यात मार्गशीर्ष लागला आणि एक दिवस चार वाजता ती चुलीपासून उठली, भिंतीला धरून आत आली आणि म्हणाली, "मला थंडी वाजून राहिली."

या खेपेस ताप लवकर उतरेना. डॉक्टरांनी तापावरचं कडू औषध, कोयनेल, वाढवलं आणि मला ओसरीवर नेऊन हलक्या आवाजात सांगितलं की अंगात आता काही उरलेलं नाही. अशाच आणखी दोन-चार पाळ्या आल्या तर त्यांच्या हातात फारसं नाही. मी त्या वेळी काही बोललो नाही. ताईला त्यावरूनच कळलं की डॉक्टरांनी काय सांगितलं असेल. त्यानंतरच्या तापाच्याच दिवशी मी रजा काढली. एक नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळदकुंकू बांधून घेतलं, ताईला एवढंच म्हटलं की नर्मदेवर जाऊन येतो, आणि उजाडता उजाडता निघालो. आणि मदन महालापाशी काय झालं ते मी सांगितलंच.

टांगा परत दारात आला. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, मनात नर्मदे हर म्हटलं आणि वळणार तोच आतून बायकोचा आवाज आला. "कोण? तुम्ही? काय विसरले?"

नवसाप्रमाणं मौन उंबऱ्याबाहेर सुरू व्हायचं, पण एकदा मोडलेलं म्हणून या खेपेस मी ते आतच धरलं होतं. मी तिच्या दाराशी गेलो. ती कुशीवर वळून माझ्याकडे पाहत होती, चेहरा लिंबासारखा. काहीतरी सांगावं म्हणून मी हात जोडले, मान हलवली, वर आकाशाकडे बोट दाखवलं आणि निघालो. मागून तिचा घाबरा आवाज ऐकू आला, "ताई, अहो ताई, हे काहून बोलून नाही राहिले?"

पुढची सगळी वाट मी हनुवटीखालून मफलर घेऊन डोक्यावर गाठ मारून बसलो, दाढ दुखणाऱ्या माणसासारखा. बशीरमियाँ फार मोठ्या मनाचा. तेवर गाव गेलं, हरभऱ्याची शेतं गेली, त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. भेडाघाटला टेकडीवरच्या जोगिणींच्या देवळाच्या पायऱ्यांपाशी टांगा थांबला तेव्हा साडेदहा झाले असतील. चपला मी टांग्यातच ठेवल्या. त्यानं त्या उचलून नीट आपल्या बैठकीखाली सरकवल्या आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. मीही केली.

धुवांधारकडे जायला गाडीरस्ता आहे. शहाणी माणसं त्या रस्त्यानं जातात. माझी पायवाट उजवीकडून फुटून कड्याच्या कडेला लागत होती, आणि त्या वाटेनं मी आणि शेळ्यांच्या लेंड्या एवढेच होतो. सुरुवातीला बरं वाटलं. खाली नर्मदा, दोन्ही बाजूंनी पांढरे कडे, त्यावर कोवळं ऊन. वरून पाहिलं की पाणी काळपट हिरवं, इतकं स्थिर की नदी झोपली आहे असं वाटावं. पण पांढरा दगड डोळ्यांना जितका सुंदर तितका अनवाणी पायांना नाही. जिथं गुळगुळीत होता तिथं पाय सरकायचा, जिथं नव्हता तिथं कापायचा, आणि मधल्या मातीत बोरीचे काटे पसरलेले. प्रत्येक काट्याला माणूस काहीतरी म्हणतो. मला तेही म्हणता येत नव्हतं. काटा उपटताना न ओरडणं किती अवघड असतं हे ज्याचं त्यालाच माहीत. वाटेत एक परिक्रमावासी बाबा भेटले, हातात काठी, खांद्याला झोळी. "नर्मदे हर," ते म्हणाले. या काठावर त्याला उत्तर न देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी हात जोडून उभा राहिलो. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मी आणखी वाकलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काठी आपटत निघून गेले. नवस पुरा करायला आलो आणि येताच एका साधूचा रोष घेतला, असं मनात येऊन मी अगदी खचलो.

पुढं वाट अरुंद झाली. डाव्या हाताला काटेरी झुडपांची भिंत, उजव्या हाताला काही नाही. काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही, सरळ खाली पाणी. मध्ये हातभर रुंद पांढरा दगड, नदीकडे उतरता. शहाण्या माणसानं झुडपांच्या पलीकडून वळसा घेतला असता, पण तिकडून माई दिसत नव्हती, आणि नवसात शब्द स्पष्ट होते. मी खाली बसलो. बसून सरकत सरकत जायचं ठरवलं. पाच-सहा हात सरकलो असेन, आणि मग नको ते केलं, खाली पाहिलं. त्याबरोबर माझ्या अंगातले सगळे सांधे बंद झाले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. खणाची पुरचुंडी पोटाशी धरून, दोन्ही टाचा दगडाला रोवून, मी त्या कड्यावर ठेवून दिल्यासारखा बसून राहिलो.

कानात एक घूं घूं आवाज येत होता. मला वाटलं, चक्कर येते आहे. मग वाटलं, पुढं धबधबा आहे त्याचा घोष असेल. तेवढ्यात खाली एक नाव आली. चार-पाच माणसं असतील, कडे पाहायला आलेली. मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. एक हाक मारली की काम झालं असतं. नावाड्यानं काठावर कोणाला तरी पाठवलं असतं. हाक घशापर्यंत आली. आणि तिच्याबरोबर बायकोचा सकाळचा चेहरा आला. एकदा मोडलं ते माईनं चालवून घेतलं असेल, नसेलही. दुसऱ्यांदा मोडायचं आणि घरी जाऊन चार वाजता तिच्या खाटेशी बसायचं, हे मला होण्यासारखं नव्हतं. मी हाक गिळली. हात मात्र वर करून जोरजोरात हलवले. नावेतल्या माणसांनी वर पाहिलं आणि मोठ्या आनंदानं त्यांनीही हात हलवले. एकानं तर टोपी काढून हलवली. मग नाव वळणाआड गेली.

मी डोळे मिटले. त्या क्षणी मी काही प्रार्थना केली असं लिहायला बरं दिसलं असतं, पण खरं सांगायचं तर मला काहीच सुचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं, आणि ऐकायला तेवढी ती घूं घूं होती. असा किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर समोर, दगड संपतो तिथं, झुडपांतून एक म्हातारी बाहेर आलेली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, नाकात पितळेची फुली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन ओठांवर बोट ठेवलं. मग विळ्याच्या टोकानं माझ्या पायांखाली दाखवलं. मी इंच इंच मान वाकवली. माझ्या टाचांच्या खाली, कड्याच्या ओठाला लटकलेलं, खाटेएवढं काळं आग्यामोहोळ होतं, आणि त्याच्या पाठीवरून एक लाट सळसळत गेली.

भेडाघाटच्या माश्यांची गोष्ट जबलपुरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. कड्याखाली कोणी आरडाओरडा केला, विडी पेटवली, की माश्या उठतात, आणि मग पळायला पाण्याशिवाय जागा नाही. मी स्वतः ही गोष्ट पाहुण्यांना शंभरदा सांगितलेली आहे, हातवारे करून, माश्यांचा आवाज काढून. तो आवाज मी चुकीचा काढत होतो, हे त्या दिवशी कळलं.

म्हातारीनं भारा खाली ठेवला, तो बांधलेला दोर सोडला आणि एक टोक माझ्याकडे सरकवलं, टाकलं नाही, सापासारखं दगडावरून हळूच सरकवलं. मी ते मनगटाला गुंडाळलं. तिनं दुसरं टोक एका धावड्याच्या बुंध्याला वेढा देऊन धरलं आणि मान हलवून खूण केली: ये. मी बसल्या बसल्या निघालो. धोतर मागून फाटल्याचं मला कळलं, पण तेव्हा त्याची खंत वाटली नाही. सात-आठ हातांची ती वाट मला काशीयात्रेएवढी लांब वाटली. दगड संपला, माती लागली, आणि मी तिच्या पायांशी पालथा पडलो.

तिनं मला उठवलं, भारा पुन्हा बांधून डोक्यावर घेतला, दंडाला धरून मला काठाकाठानंच पुष्कळ पुढं नेलं, आणि मगच तोंड उघडलं. "बोल देते तो आज गए हते, भैया," ती म्हणाली. बोलला असतात तर आज संपलाच होतात. मी हात जोडले. "काय, अकेले आए हो?" मी मान हलवली. "कौन गाँव के?" मी शहराच्या दिशेनं बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरे राम. गूँगो है बिचारो."

नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं. मी मुका ठरलो. आणि समोरचा माणूस मुका आहे, मध्येच तोडणार नाही, हे कळल्यावर त्या माउलीनं जे बोलायला सुरुवात केली ते धुवांधारपर्यंत. तिला सगळे फूला बऊ म्हणतात, बऊ म्हणजे आई. सून दिवसभर बोलते. म्हातारा दारात बसून चिलीम ओढतो आणि कामाला उठत नाही. एक म्हैस आहे, ती सुनेच्या हाताला दूध देत नाही, बऊच्याच हाताला देते. म्हशीचा स्वभाव, सुनेचा स्वभाव, सुनेच्या आईचा स्वभाव. सुनेच्या आईपाशी आल्यावर तिला म्हशीचं एक राहिलेलं आठवलं. मला मध्ये शंभरदा वाटलं की आता मी एक सांगावं, म्हशीवर माझ्याकडेही एक चांगली गोष्ट आहे, पण ती मनातच राहिली आणि मी ऐकत चाललो. कोणाचं बोलणं इतका वेळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकणाऱ्याचा खांदा दुखतो, मान अवघडते, हे मला नवीन होतं. एकदा थांबून ती मला म्हणाली, "तुमाई घरवारी बड़ी भागवान है, भैया. ऐसो आदमी भाग से मिलत." तुमची बायको मोठी नशीबवान, असा नवरा भाग्यानंच मिळतो. मी खाली मान घालून चालत राहिलो.

धबधब्याचा आवाज वाढत गेला तसतसं तिचं बोलणं त्यात बुडत गेलं. नदी तिथं दगडाच्या तोंडातून एकदम खाली उडी घेते, आणि पाण्याचा धूर उठून वर येतो. पाच मिनिटांत अंगावरचे कपडे भिजतात. मी पुरचुंडी सोडली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो. ओटी बायका भरतात. पुरुषानं ती कशी भरावी हे मी नवस करताना लक्षातच घेतलं नव्हतं. बऊनं पुरचुंडीतलं हळदकुंकू पाहिलं, खण पाहिला, मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "घर में कौन बीमार है?" मी काही खूण करायच्या आधीच तिनं स्वतःच्या बांगड्यांना हात लावून दाखवलं: घरवाली? मी मान हलवली. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिथं सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

म्हातारी गप्प झाली. तिनं भारा खाली ठेवला, हात धुतले, माझ्याकडून सगळं घेतलं आणि काठाशी बसून माईची ओटी भरली. कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, नारळ धारेत सोडला. शेवटी खण दोन्ही हातांत धरून वर केला आणि टाकला. खण खाली गेला नाही. धारेखालून उठणाऱ्या वाऱ्यानं तो अलगद वर उचलला, फिरवला, आणि ओलाचिंब खण आमच्या डोक्यांवरून मागं जाऊन तिच्या गवताच्या भाऱ्यावर पडला. मी थक्क होऊन पाहत राहिलो. ती उठली, तिनं खण पिळला, त्याची नीट घडी केली आणि कमरेला खोचला. "मैया ने मोय दे दओ," ती म्हणाली. माईनं मला दिला. शेजारणीनं वाटीभर साखर परत केल्यासारखं तिनं ते सांगितलं. मग भारा डोक्यावर घेऊन माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि गाडीरस्त्याकडे बोट दाखवलं: जा, इकडून जा, पुन्हा कड्यावर जाऊ नको. आणि ती म्हशीकडे गेली.

टांग्यापाशी पोचलो तेव्हा बशीरमियाँनं माझे पाय पाहिले, धोतर पाहिलं, आणि घोडा जोडला. चारच्या आत घर गाठावं असं माझ्या मनात होतं, ते मी त्याला सांगितलेलं होतं, सकाळी, मौन मोडलं तेव्हा. त्यानं घोड्याला कधी नाही तो चाबूक दाखवला. तरी मदन महालापाशी ऊन कलतं झालं होतं, आणि आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा चार वाजून अर्धा तास होऊन गेला असावा. या वेळी घरातून एक आवाज ठरलेला असायचा, खाटेचे पाय फरशीवर वाजल्याचा. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून कान दिला. काहीच वाजत नव्हतं. त्या शांततेची मला कड्यापेक्षा जास्त भीती वाटली.

ताई दारात आली. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवसात तीन माणसांनी मला ती खूण केली. मी आत पाऊल टाकलं, नवस संपला, बोलायला मोकळा झालो, आणि मला बोलावंसंच वाटेना. बायको झोपली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावर थंडी नाही, भट्टी नाही. मी हात लावून पाहिला. कपाळ तुळशीच्या वृंदावनासारखं गार होतं. मी खाटेशी बसलो आणि दिवेलागणीपर्यंत काही न बोलता तिचा श्वास ऐकत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, वाढवलेलं कोयनेल लागू पडलं. पडलं असेल, डॉक्टर चांगले आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही. मला एवढंच माहीत आहे की ताप त्या दिवशी चारला आला नाही आणि त्यानंतर आजतागायत आला नाही. नवस मी सौद्यासारखा केला होता, शब्द मोजून, पळवाटा शोधून, आणि माईनं त्यातला एकेक शब्द माझ्याकडून पुरा करून घेतला. गप्प बसण्याला मी शिक्षा समजत होतो. त्याच गप्प बसण्यानं मला कड्यावर राखलं. देवाशी मी आयुष्यभर बोलत आलो होतो, त्याला सगळं समजावून सांगत आलो होतो. त्या पांढऱ्या दगडावर समजावायला काही उरलं नाही, तेव्हा कोणीतरी दोर सरकवला. शरण जाणं म्हणजे काय ते पणजोबांनी पुराणात पुष्कळ सांगितलं असेल. मला ते इतकंच कळलं, की आपलं बोलणं थांबलं म्हणजे माईला बोलायला जागा मिळते. फूला बऊला मी नंतर दोनदा शोधायला गेलो. दुसऱ्या खेपेस भेटली. तिनं मला ओळखलं, आणि मी "राम राम बऊ" म्हणताच तिच्या हातातला विळा खाली पडला. मुका बोलायला लागला, ही माईची कृपा ती आता गावभर सांगत असते. मी ती खोडून काढलेली नाही.

त्या संध्याकाळी बायको जागी झाली, दोन घोट पेज प्याली, आणि मी तिला सगळं सांगितलं. मदन महाल, साधू, नाव, मोहोळ, बऊ, खण, काही म्हणता काही सोडलं नाही. तिनं डोळे उघडे ठेवून ऐकलं. मग रजईतून हात काढून माझा पाय जवळ ओढला आणि तळव्यावरच्या जखमांवरून बोट फिरवलं.

"सकाळी तुम्ही परत आले न," ती म्हणाली, "अन् न बोलता वर बोट दाखवून गेले, तेव्हा मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल, आता माझं काही खरं नाही. खूप रडली मी. मग रडणं झालं, तर घरात एकदम शांत वाटलं. तापाच्या दिवशी उशाशी कोणी बोलून नाही राहिलं, असं पहिल्यांदाच झालं. मग डोळा लागला तो आत्ता उघडला."

 तिनं माझा पाय रजईत घेतला.

"परवा पुन्हा जाऊन या," ती म्हणाली. "चपला घालून गेले तरी चालेल. बोलू नका फक्त."